२५ मिलिमीटरचा माज

परवा शनिवारी सकाळी कुरिअर आलं. खोकं एवढंसं, पण आत बबल रॅपचे इतके थर की मला वाटलं चुकून कुणाची तरी काचेची बरणी आली. आई चहा घेऊन बाहेर आली. "काय मागवलंस?" "बेस." "कसला बेस?" उघडून दाखवलं. लाकडाच्या चाळीस गोल चकत्या. २५ मिलिमीटर व्यासाच्या, तीन मिलिमीटर जाडीच्या. तिने एक उचलली, उलटी करून बघितली, वास घेतला (का, ते मला अजून कळलेलं नाही) आणि विचारलं, "कितीला?" मी खोटं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "साडेसहाशे, पाठवणावळ धरून." आई म्हणाली, "एवढ्यात दोन पोळपाट आले असते," आणि आत गेली.

मग मी बसून हिशोब केला. एका चकतीला सोळा रुपयांच्या वर. २०११ मध्ये निघालेलं दोन रुपयांचं नाणंही बरोब्बर २५ मिलिमीटरचंच. म्हणजे दोन रुपयांच्या नाण्याएवढी लाकडाची चकती मी त्याच्या आठपट किमतीला घेतली. (नाणी चिकटवा असं मी सांगत नाहीये, नाण्यांची मोडतोड कायद्यात बसत नाही.)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलावर बोटभर उंचीच्या पुतळ्यांच्या दोन फौजा मांडायच्या, टेपने इंच मोजून त्या पुढे सरकवायच्या, फासे टाकायचे आणि कोण मेलं यावरून भांडायचं. आम्ही पनवेल-खारघरकडचे पाच-सहा जण दर दुसऱ्या शनिवारी हे करतो. सगळे आयटीवाले, सगळे सत्तावीस ते तेहतीसच्या मधले. पुतळ्याला खाली बेस लागतो तो दोन कारणांसाठी. एक, तो उभा राहावा. दोन, अंतर मोजायचं ते बेसच्या कडेपासून, म्हणून दोन्ही बाजूंची मापं सारखी असलेली बरी. बस्स! बुद्धिबळाच्या प्याद्याला बूड असतं, तसंच.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या खालच्या मजल्यावर नववीतला एक मुलगा राहतो. त्याचे वडील टेम्पो चालवतात. लिफ्टमध्ये माझ्या हातातला डबा बघून त्याने दोन-तीनदा चौकशी केली होती, आणि एकदा मी म्हटलं, ये की शनिवारी. तो आला. येताना बुटाच्या खोक्यात स्वतःची फौज घेऊन आला. दिवाळीच्या किल्ल्यावरचे अकरा मावळे, मातीचे, काहींच्या तलवारी तुटलेल्या. प्रत्येकाच्या पायाखाली लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची गोल चकती कापून चिकटवलेली. मापं माझ्याकडून ऐकून गेला होता बहुतेक, कारण सगळ्या चकत्या एकसारख्या होत्या. एका चकतीवर 'चि. सौ. कां.' स्पष्ट वाचता येत होतं.

आमच्यातला एक जण हसला. वाईट हेतूने नाही हसला, पण हसला. मग दुसरा समजावणीच्या सुरात म्हणाला, "मस्त आहे रे, पण प्रॉपर बेस लागतात. आधी एक स्टार्टर सेट घे, मग ये." पोराने विचारलं, "कितीला असतो दादा?" आकडा सांगितला गेला. त्याने "बरं" म्हटलं, मावळे एकेक करून खोक्यात ठेवले आणि "ट्युशन आहे" असं सांगून गेला. शनिवारी संध्याकाळी सात वाजता कसली ट्युशन?

त्या टेबलाभोवती मीही होतो, आणि मी काही बोललो नाही. नवी फळी तेव्हा अर्धी रंगवून झाली होती, माझं लक्ष तिकडे होतं. तेव्हा पुढचं जे लिहितोय ते मित्रांवर जितकं आहे तितकंच माझ्यावर.

"हा छंद महाग आहे." हे वाक्य आम्ही कोणत्या सुरात म्हणतो ते एकदा ऐका. तक्रारीच्या? अजिबात नाही. बुलेट घेणारा "अॅव्हरेज काही देत नाही यार" म्हणतो, अगदी तोच सूर. महाग असण्याचाच आनंद आहे. त्यात कस्टमची कटकट सांगायची म्हणजे अजून वजन येतं. ती खोटी नाही: खेळण्यांवरचा आयात कर २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेला आणि २०२३ मध्ये ७० वर. पण म्हणून काय झालं? पुतळा परदेशातून आला, मान्य, तो साचा इथे नाही. पण त्याच्या पायाखालचं लाकूडही परदेशातून? आणि ते नाही म्हणून एका पोराला दारातून परत पाठवायचं? हा माज आहे. २५ मिलिमीटरचा माज.

हा खेळ मुळात राजेलोकांचा होता हे खरं. प्रशियातल्या फॉन राइसवित्झने १८१२ मध्ये राजाला जो युद्धखेळ करून दिला तो खणांचं एक भलंमोठं लाकडी टेबल होतं, वर मांडायला डोंगर-नद्यांचे तुकडे. पण पुढे शंभर वर्षांत तो जमिनीवर उतरला. एच. जी. वेल्सने (हो, टाइम मशीनवालाच) १९११ मध्ये 'फ्लोअर गेम्स' आणि १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहिलं. त्यात काय आहे? घरातली फरशी म्हणजे समुद्र, फळ्यांचे तुकडे म्हणजे बेटं, आणि ठोकळ्यांची घरं. ज्याला आम्ही या छंदाचा आजोबा म्हणून मिरवतो तो माणूस फळ्यांवर खेळत होता. आम्ही मात्र तो खेळ उचलून परत राजाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

आणि पनवेलमध्ये राहून मी हे करावं म्हणजे हद्द झाली. ब्रिटिशांच्या जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य उद्योग काय दिलाय माहितीये? गाडीची चाकं बनवणं! मॉल नाही, फ्लॅट नाही, विमानतळ तर नाहीच. चाकं. ज्या गावाची ओळख लाकूड गोल करण्यात होती, तिथला एक इंजिनियर लाकडाच्या गोल चकत्या बबल रॅपमधून मागवतो.

तर मी त्याच दुपारी वखारीत गेलो. खरं सांगतो, तीन वर्षं मी त्या रस्त्याने ऑफिसला जातोय आणि कधी आत पाय टाकला नव्हता. भीती वाटते हो. तिथे काय मागायचं, कोणत्या शब्दात मागायचं, हसले तर काय? क्लिक करणं सोपं, कारण क्लिक करताना कुणी आपल्याकडे बघत नसतं. माझ्या मते आमच्या सगळ्या महागाईचं अर्धं कारण हे आहे. गल्ल्यावरच्या शेठनी विचारलं, "शीट पाहिजे का?" मी म्हटलं, "नाही, छोटे तुकडे." त्यांनी मान न वळवता मागे बोट दाखवलं. मागे करवतीच्या मशीनजवळ मिस्त्री होता आणि त्याच्या पायाशी प्लायच्या तुकड्यांचा ढीग. हातभर लांब, चार बोटं रुंद, काही त्याहून मोठे. विचारलं तर म्हणाला, "जलाने में जाता है साहब. क्या बनाना है?" मी खिशातून एक रंगवलेला ओर्क काढून दाखवला. त्याने तो हातात घेऊन फिरवून बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "गोलही चाहिए? चौकोन नहीं चलेगा?"

मंडळी, मी पाच वर्षं या छंदात आहे आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. गोलच का? प्लास्टिकच्या साच्याला गोल आणि चौकोन सारखेच. करवतीला मात्र सरळ रेघ आवडते. गोल बेस हा कारखान्याच्या सोयीचा आकार आहे, आणि तो आपण नियम म्हणून डोक्यावर घेतलाय. फिल बार्करचा १९९० चा डीबीए नावाचा खेळ घ्या, प्राचीन लढायांचा. त्यात सगळे बेस आयताकृती. छोट्या पुतळ्यांसाठी रुंदी ४० मिलिमीटर, एका बाजूला असे फक्त बारा बेस, आणि मैदान दोन फूट बाय दोन फूट. म्हणजे मिस्त्रीने ४० मिलिमीटर रुंदीची एक पट्टी फाडून दिली की आडवे काप मारायचे, बास. माझ्यासमोर त्याने तीन पट्ट्या फाडल्या. चाळीस सेकंद लागले असतील. घरी आणून हातकरवतीने कापल्या, कडा पॉलिशपेपरने घासल्या, तर छत्तीस बेस झाले आणि पट्टी उरली. मिस्त्रीला वीस रुपये दिले. तेही तो घेत नव्हता.

आता ज्यांना गोलच हवेत (नियमापुरते मलाही काही हवेत), त्यांच्यासाठी. घरात कॅरम आहे का? सोंगटीचा व्यास स्पर्धेच्या नियमाने ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर असावा लागतो, जाडी ७ ते ९ मिलिमीटर, वजन पाच-साडेपाच ग्रॅम, आणि ती लाकडाची. म्हणजे ज्याला आम्ही '३२ मिलिमीटरचा बेस' म्हणून मान तुकवतो तो आजोबांच्या कॅरमच्या डबीत पडलाय. एका डबीत एकोणीस! नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, आणि एक राणी, ती सरदाराला द्यायची. स्टेशनरीच्या दुकानात साधी डबी शंभर-सव्वाशेला मिळते, फक्त प्लास्टिकची माथी मारत नाहीत ना ते बघून घ्या. तोटा एकच. जाडी जरा जास्त, त्यामुळे शिपाई चौथऱ्यावर उभा राहिल्यासारखा दिसतो. पण वजनामुळे तो पडत नाही, जे प्लास्टिकच्या बेसबद्दल म्हणता येत नाही. (पंख्याखाली खेळून बघा.) आणि गुळगुळीत पॉलिशवर गोंद धरत नाही, तेव्हा आधी वरची बाजू घासून घ्या.

ड्रिलला होल सॉ लावून चकत्या काढायचा उद्योग मी केलाय, त्यातला बग सांगून ठेवतो. होल सॉवर जे माप लिहिलेलं असतं ते भोकाचं. आपल्याला हवी ती आतून निघणारी चकती, आणि ती पात्याच्या जाडीमुळे चार-पाच मिलिमीटरने लहान निघते. ३२ चा सॉ आणला म्हणून ३२ ची चकती येत नाही. शिवाय मधल्या ड्रिलचं भोक राहतं, ते लांबीने भरायचं किंवा त्यातून पुतळ्याच्या पायाला खिळा मारायचा. पुसायच्या मॉपच्या दांड्याचे काप काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आडव्या कापाची पातळ चकती बिस्किटासारखी मोडते. झाडाच्या फांदीच्या सालासकट चकत्या दिसतात देखण्या, पण ओल्या असल्या तर मधून तडकतात, कारण सुकताना लाकूड वलयांच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आकसतं. तो ताण कुठेतरी निघणारच. प्लाय तडकत नाही, कारण त्याचे थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात.

आणि एमडीएफ? जाहिरातीच्या पाट्या नि ट्रॉफ्या करणाऱ्या दुकानांत लेझर मशीन असतं, तिथे तीन मिलिमीटरच्या एमडीएफच्या हव्या त्या मापाच्या चकत्या कापून मिळतात. शंभर-दोनशे एकदम हव्या असतील आणि पाच जणांनी मिळून ऑर्डर दिली तर परवडतं. पण आपण राहतो कुठे ते लक्षात ठेवा. पनवेलच्या जुलैत माझ्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे उघडी एमडीएफची कड पावासारखी फुगते. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा किंवा वुड प्रायमरचा हात कडेवरून आणि खालून फिरवल्याशिवाय वापरू नका. घासताना तोंडाला फडकं बांधा, तो भुसा बरा नाही.

आता माझ्या मित्राचा आवडता युक्तिवाद. हा मित्र हुशार आहे म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. तो म्हणतो, "तुझा एक तास कितीला विकला जातो? वखार, करवत, घासणं, सगळं धरून तीन तास गेले. त्यापेक्षा साडेसहाशे स्वस्त नाहीत का?" ऐकायला बिनतोड वाटतं. मी त्याला विचारलं, शनिवार दुपारचे तीन तास तू नेमके कोणत्या क्लायंटला बिल करतोस? त्या दिवशी तू काय केलंस? तो मालिकेचे चार भाग बघत होता. मग ते कितीला पडले? अरे, छंदातल्या वेळेला जर ऑफिसचा दर लावायचा असेल तर पुतळे रंगवणंही बंद कर, कुणाकडून तरी रंगवून घे, आणि खेळायलाही एखादा फ्रेशर ठेव.

दुसरा आक्षेप, "दिसतं कसं?" दिसतं उत्तम. वरून वाळू, थोडा भुसा आणि रंग चढल्यावर खाली सोंगटी आहे की सव्वासोळा रुपयांची चकती, हे तीन फुटांवरून मला ओळखून दाखवा. मी पैज लावली होती. तीन जण हरले.

पण माझा खरा मुद्दा बेसपेक्षा मोठ्या लाकडाचा आहे. त्याच मुलाने २०२५ च्या दिवाळीत बिल्डिंगखाली कर्नाळा केला होता. त्या जुलैत युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले आले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यात आपल्या उशाशी असलेला कर्नाळा नाही याचा त्याला राग, म्हणून कर्नाळा. मुंबई-गोवा रस्त्यावरून तो अंगठ्यासारखा सुळका दिसतो ना, तो त्याने इतका हुबेहूब उभा केला होता की मी दोनदा थांबून बघितलं. आमच्या मंडळाचे परदेशी फोमचे डोंगर त्याच्यापुढे मुटके वाटतात. चौथ्या दिवशी पार्किंगमध्ये माती होते म्हणून तो काढायला लावला. कुणी, ते सोडून द्या. बहुतेकांच्या सोसायटीत असं कुणीतरी असतंच.

म्हणून त्या ढिगातून मी दोन बाय दोन फुटांचा बारा मिलिमीटरचा एक तुकडाही आणला. (आठ बाय चारच्या एका शीटमधून असे आठ निघतात. गंमत बघा, लांबी-रुंदी फुटात आणि जाडी मिलिमीटरमध्ये, आणि कुणाचंच काही अडत नाही.) तो घेऊन मी खालच्या मजल्यावर गेलो. दार त्यानेच उघडलं. माफी वगैरे मागायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. मी म्हटलं, "ह्याच्यावर किल्ला होईल का? उचलून नेता येईल असा?" त्याने फळी हातात घेतली, डोळ्यासमोर आडवी धरून बाक बघितला आणि म्हणाला, "दादा, ओली माती टाकली तर ही वाकडी होणार."

पोराला कळतं. एका बाजूने ओलं झालं की प्लाय पापडासारखा वळतो. इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ म्हणतात फोम वापरा, पण थर्माकोलवर राज्याने २०१८ मध्येच बंदी आणली, आणि त्याचे उडणारे पांढरे दाणे आयुष्यभर घरात सापडत राहतात. आम्ही केलं ते असं. मागून दोन लाकडी पट्ट्या स्क्रूने मारल्या. मागची आणि पुढची, दोन्ही बाजूंना सारखाच प्रायमर, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी. डोंगर वर्तमानपत्राच्या लगद्याचा, एका वेळी पातळ थर, सुकला की दुसरा. सुळक्याच्या आत प्लायचे उभे तुकडे. माती फक्त वरून, चाळून, गोंदात. अळीव पेरायचा हट्ट होता, तर त्याच्यासाठी पायथ्याशी स्टीलची एक बशी बसवली. बसल्या जागी घोरपडीसारखा चिकटून त्याने दोन रविवार काम केलं. तटबंदी आईस्क्रीमच्या काड्यांची. माझं काम मुख्यतः पंखा बंद-चालू करण्याचं.

शेवटच्या शनिवारी आमच्या ग्रुपमध्ये मी प्रस्ताव टाकला: माप बरोबर असेल तर कुठलाही बेस चालेल. लाकूड, सोंगटी, लग्नपत्रिकासुद्धा. मतदान झालं, चार विरुद्ध एक. तो एक कोण ते मी लिहिणार नाही, तो हे वाचतो. त्या संध्याकाळी कर्नाळ्याच्या पायथ्याशी ओर्क आणि मावळे अशी लढाई झाली. मावळे ओर्कांच्या दुप्पट उंच, स्केलचा पत्ता नाही, आणि फासे त्या पोराला असे पडत होते की काय सांगू. राणीच्या सोंगटीवर उभ्या केलेल्या त्याच्या सरदाराला मी शेवटपर्यंत हलवू शकलो नाही. सात वाजता त्याला ट्युशनची आठवण झाली नाही.

परदेशी चाळीस चकत्यांपैकी छत्तीस अजून खोक्यात आहेत. उरलेल्या चार आईने खेळायच्या टेबलाच्या एका पायाखाली सारल्या. फरशी तिथे उतरती आहे आणि टेबल वर्षभर डुगडुगत होतं. आता नाही डुगडुगत.